एका अवतरणचिन्हापासून: डेटाबेस हल्ल्यांच्या अभ्यासाच्या नोंदी

३ जून

सिक्युरिटी प्लसची, म्हणजे कॉम्पटिया संस्थेच्या सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेची, पहिली पूर्ण सराव चाचणी दिली. डेटाबेसशी संबंधित ११ प्रश्न आले, त्यातले ६ चुकले. मनाला लागलं, कारण याच भागाच्या व्याख्या मला तोंडपाठ आहेत. एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे काय (वेब पानाच्या चौकटीतून डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतला मजकूर त्याच्या आदेशात घुसवणं), त्यातला ब्लाइंड प्रकार म्हणजे काय, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

चुकलेले सहाही प्रश्न पुन्हा वाचले. एकातही व्याख्या विचारलेली नाही. एका ठिकाणी वेब सर्व्हरच्या लॉगमधली ओळ दिली आहे, दुसऱ्या ठिकाणी लॉगिनच्या चौकटीत कुणीतरी टाकलेला मजकूर, तिसऱ्या ठिकाणी नुसतं वर्णन: पान रोजच्यापेक्षा पाच सेकंद उशिरा उघडतंय. एवढ्यावरून काय चाललंय ते ओळखायचं. मी हे कधी चालताना पाहिलेलंच नाही, मग ओळखणार कसं?

परीक्षा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. परीक्षेचा क्रमांक एसवाय०-७०१, ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मापावर ७५० गुण हवेत. धोके आणि कमकुवत दुवे या विभागाला २२ टक्के भार आहे. सहा आठवडे हातात आहेत. ठरवलं की डेटाबेसचा भाग वाचून नाही, करून शिकायचा. लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) डीव्हीडब्ल्यूए बसवलं, म्हणजे डॅम व्हल्नरेबल वेब अ‍ॅप्लिकेशन. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं हे अ‍ॅप आहे. सगळे प्रयोग याच्यावरच, बाहेरच्या कुठल्याही साइटवर एक अक्षरही टाकायचं नाही.

५ जून

डीव्हीडब्ल्यूएमध्ये सुरक्षेची पातळी निवडता येते. आज सगळ्यात खालची, 'लो'. पानावर एकच चौकट: युझर आयडी टाका. १ टाकला, नाव-आडनाव आलं. मग फक्त एक एकेरी अवतरणचिन्ह टाकलं आणि बटण दाबलं. पान गायब, त्याजागी डेटाबेसची तक्रार: तुमच्या एसक्यूएलच्या वाक्यरचनेत चूक आहे.

त्या तक्रारीकडे बराच वेळ बघत बसले. 'तुमच्या' वाक्यरचनेत, असं डेटाबेस मला म्हणतोय. मी तर आयडीच्या चौकटीत एक चिन्ह टाकलं होतं, वाक्य लिहिलंच नव्हतं. पण त्याच्या दृष्टीने मीच लिहिलं. प्रोग्रामने माझा मजकूर उचलून आपल्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या वाक्यात, दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवला. माझ्या चिन्हाने त्यातलं पहिलं अवतरण वेळेआधीच बंद केलं आणि प्रोग्रामचं मूळचं बंद करणारं चिन्ह अनाथ होऊन मागे उरलं. डेटाबेसच्या हाती आलं ते एक अखंड वाक्य. त्यातलं कुठलं अक्षर प्रोग्रामरचं आणि कुठलं माझं, हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: हा मजकूर कोण वाचतंय, आणि काय समजून वाचतंय?

नंतर अवतरण, ऑर, आणि नेहमी खरी ठरणारी अट टाकून पाचही युझर बाहेर काढले. हे पुस्तकात शंभर वेळा वाचलं होतं. अडले ते भलत्याच ठिकाणी. उरलेला भाग रद्द करायला दोन आडव्या रेघा टाकल्या, तरी चूक येतच राहिली. अर्ध्या तासाने कळलं की मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस प्रणालींत त्या दोन रेघांनंतर एक मोकळी जागा लागते, तेव्हाच ती टिप्पणी धरली जाते. पत्त्याच्या पट्टीत शेवटची मोकळी जागा गळून जाते, म्हणूनच लोक तिथे अधिकचं चिन्ह टाकतात. सराव प्रश्नांत रेघांनंतर ते चिन्ह का दिसतं याचं कोडं एकदाचं सुटलं.

८ जून

युनियन. दुसऱ्या टेबलातला माल पहिल्या क्वेरीच्या निकालाला चिकटवून बाहेर आणायचा. अट अशी की दोन्हीकडे कॉलमची संख्या सारखी हवी. संख्या शोधायला ऑर्डर बाय १, ऑर्डर बाय २ असं चढत गेले. ३ ला चूक आली, म्हणजे कॉलम दोन.

मग इन्फर्मेशन स्कीमामधून, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या सूचीतून, टेबलांची नावं मागितली, आणि गाडी तिथे रुतली. युनियनसाठी कोलेशनचं मिश्रण चालणार नाही, असा संदेश. कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम. अ‍ॅपच्या टेबलाचे नियम एक आणि इन्फर्मेशन स्कीमाचे वेगळे, म्हणून डेटाबेस दोन्ही एका रांगेत उभे करायला तयार नव्हता. टेबलाचं नाव हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) बदलून मागितल्यावर आलं. हेक्स उलटवून वाचलं: युझर्स.

हा अडथळा कुठल्याही नोट्समध्ये नव्हता, पण त्याने एक गोष्ट नीट शिकवली. हल्ला करणारा दर पावलाला डेटाबेसशी बोलत असतो आणि चुकांचे संदेश ही डेटाबेसची उत्तरं असतात. अंदाजाने नव्हे, त्या उत्तरांच्या आधाराने तो पुढे जातो. सविस्तर चुका वापरणाऱ्याला दाखवू नका, हा सल्ला मी आजवर शिष्टाचारासारखा वाचत होते. आज तो पटला. नुसत्या त्या संदेशातून मला कळलं होतं की मागे कुठला डेटाबेस आहे, माझा मजकूर कुठे जाऊन पडतोय आणि कुठली युक्ती चालणार नाही.

शेवटी युझर आणि पासवर्डचे हॅश (पासवर्डावरून गणिताने काढलेले, थेट उलटे न फिरवता येणारे ठसे) एकत्र बाहेर आले. पाच ओळी. पहिल्या आणि पाचव्या ओळीतला हॅश सारखाच आहे, ५एफ४डीसीसी३ ने सुरू होणारा. दोघांचा पासवर्ड एकच आहे हे हॅश न फोडताच समजलं. सॉल्ट, म्हणजे हॅश काढण्याआधी पासवर्डात मिसळायचा वेगळा मजकूर, कशासाठी, याचं उत्तर माझ्या पडद्यावर होतं. प्रत्येक ओळीला वेगळा सॉल्ट असता तर त्या दोन ओळी एकमेकींना ओळखीच्या वाटल्या नसत्या.

९ जून

हॅशचं थोडं पुढे. एमडी५ ही जुनी हॅश पद्धत, तेही सॉल्टशिवाय, म्हणून शब्दांच्या यादीने पाचही पासवर्ड क्षणात उलगडले. यादी वापरली ती रॉकयू. तिचा उगम आज नीट वाचला. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू कंपनीच्या डेटाबेसात एसक्यूएल इंजेक्शननेच शिरकाव झाला होता आणि सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड साध्या मजकुरात ठेवलेले सापडले. त्यातून तयार झालेली १ कोटी ४३ लाख वेगवेगळ्या पासवर्डांची यादी आजही सुरक्षा तपासणाऱ्यांच्या काली लिनक्ससोबत येते. एका साइटच्या चौकटीतून बाहेर पडलेले पासवर्ड इतक्या वर्षांनंतर इतर साइटच्या कुलुपांवर चालवले जातात.

परीक्षेपुरतं: सॉल्ट गुप्त ठेवावा लागत नाही, तो वेगवेगळा असला की झालं. बीक्रिप्ट, पीबीकेडीएफ२ आणि आर्गॉन२ या पासवर्ड हॅश करायच्या पद्धती मुद्दाम संथ चालतात, त्याला की स्ट्रेचिंग म्हणतात.

१२ जून

ब्लाइंड. मला सगळ्यात अवघड वाटणारा भाग हाच, म्हणून आज अख्खी संध्याकाळ याला दिली.

या पानावर नाव दिसत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही दिसत नाही. आयडी आहे किंवा आयडी नाही, एवढंच उत्तर मिळतं. मग आयडी १ नंतर 'आणि' जोडून आपला प्रश्न घालायचा: अ‍ॅडमिनच्या हॅशचं पहिलं अक्षर ७ च्या पुढचं आहे का? उत्तर आलं, आयडी नाही. म्हणजे पुढचं नाही. ३ च्या पुढचं? आयडी आहे. ५ च्या पुढचं? नाही. ४ च्या पुढचं? आहे. म्हणजे अक्षर ५.

चार प्रश्नांत एक अक्षर. हॅशमध्ये शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशी सोळाच चिन्हं येऊ शकतात, आणि सोळातून एक निवडायला निम्मे-निम्मे करत चार प्रश्न पुरतात. अक्षरं बत्तीस. म्हणजे १२८ प्रश्नांत पूर्ण हॅश. साधा इंग्रजी मजकूर असता तर अक्षरामागे सात प्रश्न लागले असते. पहिली तीन अक्षरं मी वहीत हाताने काढली, बाकीची छोट्या स्क्रिप्टने. स्क्रिप्टला काही सेकंद लागले.

'हो किंवा नाही' एवढंच उत्तर देणारी चौकट निरुपद्रवी असते, असं मला आतापर्यंत वाटायचं. ती समजूत आज गेली.

मग तिसरा प्रकार. समजा पान प्रत्येक वेळी अगदी सारखंच दिसतंय. मग घड्याळाला विचारायचं: अक्षर ७ च्या पुढचं असेल तर तीन सेकंद थांब. निम्म्या प्रश्नांची उत्तरं 'हो' धरली तरी १२८ प्रश्नांना साधारण १९२ सेकंद. तीन मिनिटांच्या थोडं वर. संथ आहे, पण अशक्य कुठेच नाही. मायएसक्यूएलमध्ये थांबायला स्लीप, पोस्टग्रेसमध्ये पीजी स्लीप, एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेटफॉर डिले. सराव चाचणीतल्या 'पान पाच सेकंद उशिरा उघडतंय' या प्रश्नावर मी सेवा बंद पाडण्याचा हल्ला असं उत्तर दिलं होतं.

१३ जून

मैत्रिणीशी फोनवर बोलणं झालं, तीही याच परीक्षेला बसतेय. चुकलेला एक प्रश्न तिला वाचून दाखवत होते. ती मध्येच म्हणाली, "अगं, तू पर्याय आधी वाचतेस आणि प्रश्न नंतर. म्हणून ओळखीचा शब्द दिसला की तिकडे धावतेस." तिचं बरोबर आहे. आजपासून पर्याय झाकून ठेवायचे, आधी काय घडतंय ते आपल्या शब्दांत म्हणायचं.

१५ जून

आज खुर्चीची बाजू बदलली. गेल्या दहा दिवसांत मी जे केलं, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये कसं दिसतं?

'लो' पातळीवरचं पान गेट पद्धतीने मजकूर पाठवतं, त्यामुळे सगळं पत्त्यातच होतं: टक्का २७ म्हणजे अवतरणचिन्ह, टक्का २३ म्हणजे हॅश चिन्ह (#), आणि मध्ये युनियन, सिलेक्ट. ओळखायला मुळीच कठीण नाही. पण सर्व्हरच्या उत्तराच्या स्थितीचा आकडा (२०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे सापडलं नाही) चुकीला २०० आणि यशालाही २००. फरक पडला होता तो पाठवलेल्या बाइट्सच्या रकान्यात. युझर्सचा सगळा माल बाहेर पडला, त्या ओळीतला आकडा आजूबाजूच्या ओळींपेक्षा ठळक मोठा आहे. तो रकाना मी आजवर कधी बघितलाच नव्हता.

ब्लाइंडचा ठसा वेगळाच. एकाच आयपी पत्त्यावरून एकाच पानाला काही सेकंदांत शंभरावर विनंत्या, आणि २०० व ४०४ यांची सरमिसळ. अ‍ॅप 'आयडी नाही' म्हणताना ४०४ पाठवतं, म्हणून माझे हो-नाही जसेच्या तसे लॉगमध्ये उतरलेत. ती ओळींची माळ वाचून हॅश पुन्हा उभा करता येईल.

मग 'मीडियम' पातळी चालवली आणि लॉग बघितला तर काहीच नाही. ते पान पोस्टने, म्हणजे पत्त्यात न दाखवता, मजकूर पाठवतं आणि वेब सर्व्हरचा नेहमीचा लॉग पोस्टचा मजकूर लिहीत नाही. पत्ता स्वच्छ, वेळ स्वच्छ. लॉग स्वच्छ असल्याने हल्ला झाला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे आज डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा डेटाबेसचाच जनरल लॉग सुरू केला. त्यात येणारी प्रत्येक क्वेरी दिसते, अगदी डेटाबेसच्या कानावर पडते तशी. माझ्या वहीतल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे मिळतं. खऱ्या कामाच्या सर्व्हरवर तो कायम सुरू ठेवणं जड जाईल, पण शिकताना त्याला पर्याय नाही.

१८ जून

'मीडियम'मध्ये प्रोग्रामरने अवतरणचिन्हांपुढे तिरकी रेघ लावून ती निष्प्रभ केली आहेत. तरीही पान फुटलं, आणि मला एकही अवतरणचिन्ह लागलं नाही. कारण इथे आयडी आकडा म्हणून क्वेरीत ठेवलाय, अवतरणांशिवाय. फोडायला भिंतच नाही. १ नंतर मोकळी जागा सोडून सरळ 'ऑर' लिहिलं की झालं. कुलूप मजबूत होतं, पण ते दुसऱ्याच दाराला लावलं होतं.

चौकटीऐवजी निवडायची यादी ठेवली आहे, तिचाही उपयोग नाही. ब्राउझरच्या तपासणी साधनातून यादीतली किंमत बदलता येते. ब्राउझरकडून येणारं सगळंच वापरणाऱ्याच्या हातचं असतं: यादी, लपवलेली चौकट, कुकी, हेडर.

२१ जून

उपाय तपासायचा दिवस. पीएचपी भाषेत एक छोटं पान स्वतः लिहिलं, पीडीओ (डेटाबेसशी बोलणारा तिचा थर) वापरून, प्रिपेअर्ड स्टेटमेंटसह, म्हणजे वाक्याचा सांगाडा आधी आणि मूल्य नंतर पाठवून. अवतरणचिन्ह टाकलं, काही झालं नाही. हवं होतं तेच. पण जनरल लॉग उघडला तर अपेक्षित दोन टप्पे नव्हतेच. एकच पूर्ण क्वेरी, आणि माझ्या चिन्हापुढे तिरकी रेघ.

शोधल्यावर कळलं की मायएसक्यूएलसाठी पीडीओ डीफॉल्टने प्रिपेअरची नक्कल करतं. म्हणजे पीएचपीच्या बाजूलाच मजकूर निष्प्रभ करून क्वेरी जोडली जाते आणि डेटाबेसला ती अखंडच मिळते. नक्कल बंद केली आणि पान पुन्हा उघडलं. आता लॉगमध्ये आधी प्रिपेअरची ओळ, मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह असलेली, आणि नंतर एक्झिक्युटची. वाक्याचा सांगाडा डेटाबेसने आधीच वाचून ठेवला. माझा मजकूर मागून आला, तेव्हा वाक्य पुरं झालेलं होतं. त्यात काहीही असलं तरी आता ते केवळ मूल्य आहे.

५ जूनला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुठलं अक्षर कुणाचं हे डेटाबेसला या पद्धतीत कळतं, कारण दोन्ही गोष्टी त्याच्याकडे वेगवेगळ्या पोचतात. नक्कल सुरू असतानाही सहसा संरक्षण मिळतं, पण ते अक्षरसंचाच्या नीट मांडणीवर टेकलेलं असतं. जीबीकेसारख्या चिनी अक्षरसंचात तिरकी रेघ ही दोन बाइटच्या अक्षराचा दुसरा बाइट बनून गिळली जाते आणि अवतरणचिन्ह मोकळं सुटतं, अशी जुनी युक्ती आहे.

२२ जून

कालच्या नोंदीत एक भर घालते, नाहीतर ती अपुरी राहील. प्रश्नचिन्ह फक्त मूल्याच्या जागी बसतं. टेबलाचं नाव, कॉलमचं नाव, चढता की उतरता क्रम, या जागी ते चालत नाही. म्हणून 'या कॉलमप्रमाणे लावा' अशी सोय असलेल्या पानांवर प्रोग्रामर पुन्हा मजकूर जोडायला लागतो. तिथे उपाय एकच: चालणाऱ्या नावांची ठरलेली यादी, आणि यादीत नसलेलं काहीही नाकारायचं.

याच संदर्भात द्रुपल या साइट बनवायच्या प्रणालीची २०१४ ची घटना वाचली. द्रुपल ७ प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापरत होतं. पण एका मूल्याऐवजी मूल्यांची यादी आली की तो थर प्रत्येकासाठी एकेक जागा तयार करायचा आणि त्या जागेच्या नावात यादीतल्या किल्लीचा (यादीतल्या जागेच्या खुणेचा) मजकूर घ्यायचा. किल्ल्या विनंतीतून येत होत्या. म्हणजे मूल्य सुरक्षित आणि नावातून शिरकाव. १५ ऑक्टोबर २०१४ ला दुरुस्ती आली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा गटानेच सांगितलं की त्या दिवशी सात तासांच्या आत दुरुस्ती न बसवलेली साइट फुटली आहे असंच धरून चाला. सात तास!

२५ जून

दुसऱ्या टप्प्याचं इंजेक्शन. स्वतःच्या दोन पानांवर करून पाहिलं. नोंदणीच्या पानावर प्रिपेअर्ड स्टेटमेंट, त्यामुळे 'अ‍ॅडमिन, अवतरणचिन्ह, दोन रेघा, मोकळी जागा' असं विचित्र नाव व्यवस्थित साठवलं गेलं. पासवर्ड बदलण्याच्या पानावर तेच नाव डेटाबेसातून वाचून नव्या क्वेरीत जोडलं. पासवर्ड बदलला तो खऱ्या अ‍ॅडमिनचा.

पहिल्या पानात दोष नाही. दुसरं पान लिहिणाऱ्याने विचार केला असणार की हे तर आपल्याच डेटाबेसातून येतंय. मीही तसाच विचार केला असता.

२८ जून

आज एक चूक सापडली, माझीच. डॉकरला पोर्ट (जोडणीचं क्रमांक असलेलं दार) जोडताना मी पत्ता लिहिला नव्हता. तसं केलं की डॉकर ते पोर्ट यंत्राच्या सगळ्या जोडण्यांवर उघडतं. म्हणजे साडेतीन आठवडे माझं हे भोकांचं अ‍ॅप त्याच वायफायवरच्या कुणालाही दिसत होतं, अ‍ॅडमिन आणि पासवर्ड या मूळच्या नाव-पासवर्डासह. लगेच १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त याच यंत्राला, बांधलं, दुसऱ्या यंत्रावरून उघडून बघितलं, बंद आहे. लॉगमध्ये परका पत्ता नाही. १५ तारखेला शिकले ते आठवून डेटाबेसातल्या ओळीही तपासल्या.

यानंतर जानेवारी २०१७ चे मोंगोडीबी या डेटाबेसवरचे हल्ले वाचले, ते वेगळ्याच लक्षाने. पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे असलेले हजारो डेटाबेस, पोर्ट २७०१७. हल्लेखोरांनी माल पुसला आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. इंजेक्शन नाही, युक्ती नाही, दार उघडंच होतं. त्याच वर्षाअखेरच्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मूळच्या मांडणीत फक्त स्वतःच्या यंत्रावरच ऐकतो.

इंजेक्शनखेरीज आणखी दोन गोष्टी याच पानावर नोंदवते. एसक्यूएल स्लॅमर, २५ जानेवारी २००३: नावात एसक्यूएल असलं तरी हा बफर ओव्हरफ्लो आहे, म्हणजे ठरलेल्या जागेत मावेल त्यापेक्षा जास्त मजकूर भरून केलेला हल्ला. ३७६ बाइटचा, स्वतःहून पसरणारा किडा, यूडीपी पोर्ट १४३४, दुरुस्ती सहा महिने आधीपासून उपलब्ध. आणि मायएसक्यूएल-मारियाडीबीतला २०१२ चा दोष: काही बांधणींमध्ये पासवर्ड तपासताना तुलनेचा निकाल एका बाइटमध्ये कोंबला जायचा, त्यामुळे चुकीचा पासवर्डही २५६ तून एकदा बरोबर ठरायचा. हिशेब करून पाहिला. ३०० प्रयत्नांत आत शिरण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के, १००० प्रयत्नांत ९८ टक्के. मजबूत पासवर्डाचा तिथे काही उपयोग नव्हता.

२ जुलै

किमान अधिकार, हा शब्द प्रत्येक धड्यात येतो. आज त्याला हात लावला. अ‍ॅपच्या डेटाबेस खात्याचे अधिकार काढून फक्त तीन कॉलम वाचायची मुभा ठेवली: आयडी, नाव, आडनाव. मग 'लो' पातळीवर जुनं युनियन चालवलं. इंजेक्शन अजूनही चाललं, भोक तसंच आहे. पण पासवर्ड कॉलमला हात घालताच नकार. इन्फर्मेशन स्कीमामध्येही अधिकार असलेल्याच गोष्टी दिसू लागल्या, बाकीची टेबलं असल्याचा मागमूस नाही.

थोड्या वेळाने बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला गेले तर लॉगिनच होईना. अर्थात, लॉगिनला पासवर्ड कॉलम वाचावा लागतो आणि खातं एकच आहे. किमान अधिकार धड्यात एका वाक्यात सांगतात. खरं करायचं तर अ‍ॅपमधलं कुठलं पान काय वाचतं, काय लिहितं याची मोजदाद करून खाती वेगळी करावी लागतात. ते काम कंटाळवाणं आहे आणि मला ते आवडलं.

६ जुलै

टॉकटॉक, ऑक्टोबर २०१५. ब्रिटनच्या या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, १५,६५६ जणांचे बँक तपशीलही. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने पुढच्या वर्षी ४ लाख पौंडांचा दंड केला. पद्धत साधं एसक्यूएल इंजेक्शन. डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात ही गोष्ट पहिल्यांदा जाहीरपणे मांडली गेली, त्याला तोवर जवळजवळ सतरा वर्षं झाली होती.

कारण काय? २००९ मध्ये विकत घेतलेल्या टिस्काली कंपनीच्या ब्रिटनमधल्या कारभाराबरोबर तीन वेब पानं आली होती आणि ती अजून चालू आहेत हे कंपनीला माहीतच नव्हतं. मागचा डेटाबेस जुना, त्याची दुरुस्ती साडेतीन वर्षांपासून उपलब्ध. आधी जुलै आणि सप्टेंबरमध्येही त्याच पानांवर हल्ले झाले होते. म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या आधीचा प्रश्न: आपल्याकडे काय काय चालू आहे? मालमत्तेची यादी हा धडा मी रटाळ म्हणून शेवटी ठेवला होता, तो उद्या.

११ जुलै

चाचणी. डेटाबेसचे १४ प्रश्न, १३ बरोबर. पर्याय झाकून सोडवले. चुकलेला प्रश्न टोकनायझेशन आणि मास्किंगच्या फरकाचा. टोकनच्या बदल्यात खरं मूल्य तिजोरीतून परत मिळू शकतं, मास्क केलेल्यातून ते वाचता येत नाही. पुन्हा चुकणार नाही.

१७ जुलै

परीक्षा दिली, उत्तीर्ण. प्रश्नांबद्दल लिहायला बंदी आहे, तेव्हा एवढंच.

२२ जुलै

कामावर आमच्याच एका जुन्या अहवालाच्या पानाचा पत्ता बघत होते. शेवटी सॉर्ट, आणि त्यापुढे कॉलमचं नाव. २२ जूनची नोंद आठवली. कोड उघडला. मूल्यांना सगळीकडे प्रश्नचिन्ह, आणि ऑर्डर बायपुढे पत्त्यातला मजकूर जसाच्या तसा जोडलेला. चालू सर्व्हरवर काहीही टाकून पाहिलं नाही. कोडमधली ओळ टीम लीडना दाखवली आणि त्यांच्या परवानगीने चाचणीच्या सर्व्हरवर एक अवतरणचिन्ह टाकलं. पडद्यावर डेटाबेसची तक्रार आली, ५ जूनला पाहिली होती तीच.

२४ जुलै

दुरुस्ती गेली. चालणाऱ्या सहा कॉलमांची यादी, बाकी काहीही आलं तर तारखेप्रमाणे क्रम. चूक झाल्याचा सविस्तर संदेश आता फक्त लॉगमध्ये जातो. त्या पानाच्या खात्याला सात टेबलांवर लिहिण्याचा अधिकार होता, पान फक्त दोन वाचतं. अधिकार कमी करायची विनंती डेटाबेस टीमकडे दिली आहे. सॉर्टमध्ये अवतरणचिन्ह टाकणारी एक चाचणी कायमची जोडली. आज तीनदा चालवली, तिन्ही वेळा अहवाल तारखेप्रमाणे आला.